उद्यमनगरमधलं जुन्या फियाटचं गॅरेज: काम एक नंबर, तारखेचं विचारू नका

कोल्हापुरात किंवा आसपास कुणाकडे जुनी फियाट, पद्मिनी नाहीतर अँबेसिडर असेल आणि रिस्टोअर करताना "दिसते झकास पण चालेल याची गॅरंटी नाही" अशा स्टेजला अडकली असेल तर हे वाचा. गॅरेज शिवाजी उद्यमनगरमध्ये आतल्या गल्लीत आहे, बोर्ड वगैरे काही नाही, आणि नाव मुद्दाम टाकत नाही कारण तिथल्या मेकॅनिक मामांनीच सांगितलंय, "नाव टाकू नका, गाड्या लावायला आधीच जागा न्हाई." उद्यमनगरात जुन्या फियाटवाले मामा कुठं बसतात विचारा, कुणीही सांगेल.

माझी गाडी 1971 ची फियाट डिलाइट, 1089 सीसी, स्टिअरिंगला गिअर. डेंटिंग, पेंटिंग, सीटा सगळं आधीच झालं होतं. त्रास एकच, गरम झाली की बंद. गावात दिवसभर फिरवा काही नाही, पण गगनबावड्याच्या रस्त्याला लागून कळे मागे पडलं की खेळ सुरू. बाजूला घ्यायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग एका सेल्फमध्ये अशी चालू होणार की जसं काही झालंच नाही. मामांकडे जायच्या आधी दोन-तीन ठिकाणी दाखवली होती आणि प्रत्येकानं काहीतरी बदललं, कार्बोरेटरचं किट झालं, बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारी कॉइल झाली, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचं किट झालं, एकानं तर पंपावर ओलं फडकं टाकून चालवा म्हणून सांगितलं. फडक्याचा उपाय तसा खोटा नाही, गरमीत पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते तेव्हा तो चालतो, पण इथे पंप थंडगार असला तरी गाडी बंद पडायचीच.

मामांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, "बंद पडताना झटकं देत पडतीया, का चावी फिरवल्यासारखी एकदम?" एकदम, म्हटलं. "मग पेट्रोलचं काय न्हाई, करंटचं बघूया." पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी मिसिंग करते, पिकअप सोडते, मग मरते, करंट गेला तर एका क्षणात खलास, एवढं साधं आहे ते, पण आधीच्या कुणी विचारलंच नव्हतं.

मग गाडी तिथेच चालू ठेवली, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून मुद्दाम तापवली. बंद पडल्या पडल्या डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढलं, शटर अर्धं खाली ओढून अंधार केला, पोराला सेल्फ मारायला सांगितला आणि मला म्हणाले वाका, बघा. आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून करंट तोडणारी जोडी, उघडताना दर वेळी तिथंच चरचरीत पिवळसर पांढरी ठिणगी, आणि कॉइलकडून येणारी मधली वायर इंजिनच्या ब्लॉकजवळ धरली तर तिकडं मात्र बारीक लालसर, जीव नसलेली. म्हणजे कंडेन्सर गेला. पॉइंट उघडतात तेव्हा तिथला करंट कंडेन्सरनं शोषून घ्यायचा असतो, तरच कॉइलमधून झटक्यात हाय टेन्शन निघतं, तो गरम होऊन दगा द्यायला लागला की करंट पॉइंटवरच जळतो आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. थंड झाला की परत शहाणा. पॉइंट काढून दाखवले, एकाला खड्डा आणि समोरच्याला त्याच मापाचं टोक आलेलं. शंभर-सव्वाशेची वस्तू हो, आणि मी तोवर कॉइलपासून पंपापर्यंत किती घातले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

खरी गंमत पुढं. पाकिटातला नवा कंडेन्सर लावला, गाडी तापवली, तोही तसाच! मामा हसले, हल्ली नवीन येतात त्यात असंच निघतं म्हणाले, आणि बिस्किटाच्या डब्यातून मुंबईच्या टॅक्सीतून निघालेला जुना काढून लावला. त्याच्यावर गाडी परवा गगनबावड्यापर्यंत एका दमात गेली. एक जादा डॅशबोर्डमध्ये ठेवायला दिलाय.

हे टॅक्सीचं प्रकरण जुन्या फियाटवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी, म्हणजे पुढं नाव बदललेली हीच फियाट, पळत होती तोवर पार्टची चिंता नव्हती. शेवटची टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झालेली, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि 2023 च्या ऑक्टोबर अखेर ती रस्त्यावरून गेली. आता जे आहे ते कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर असल्या मामांच्या डब्यात.

बाकीची कामं थोडक्यात. ऑइलची पट्टी काढून हुंगली आणि म्हणाले यात पेट्रोल उतरतंय. लेव्हल खुणेच्या वर आलेली, आणि मी आपला खूश की ऑइल खात नाही! पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ खाली इंजिनात जातं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगची वाट लागते. पडदा म्हणजे आधीच्या गॅरेजनं टाकलेल्या त्याच नव्या किटमधला. आता पेट्रोल भरायला गेलं की 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, म्हणून मामांनी पडद्यासकट सगळे रबरी पाइप त्याला चालणारे टाकले आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका म्हणून बजावलं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

डावं पुढचं चाक ब्रेक मारल्यावर जाम राहायचं. सगळे म्हणत होते व्हील सिलेंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा सिलेंडर. मामांनी चाक जाम असताना एअर काढायचा निपल सैल केला, ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. परत जाम करून या वेळी चाकाकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी होजच्या वरचा लोखंडी पाइप सैल केला तर चाक जामच. म्हणजे प्रेशर होजमध्ये अडकतंय. होज कापून दाखवला, बाहेरून नवाकोरा, आतून सुजून भोक बंद. सिलेंडरला हातही लावला नाही. ड्रमला मात्र लेथवर हलका हात मारून आणला, समोरच्याच गल्लीत लेथ, तासाभरात काम. हा कोल्हापूरचा फायदा, ब्लॉक बोर करण्यापासून बुश बनवण्यापर्यंत सगळं चालत जायच्या अंतरावर आहे.

आता तक्रारी, कारण पाच स्टार मी देणार नाही. आठ दिवस सांगितले आणि महिना कधीच उलटून गेला. फोन उचलत नाहीत, उचलला तर "चाललंय की काम" एवढंच. गाडी बाहेर रस्त्याला लावतात, नव्या पेंटवर धुळीचा थर आणि बंपरला कुणीतरी सायकल टेकवलेली, कव्हर घेऊन जा. बिल म्हणजे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेला हिशोब, जीएसटी वगैरे विचारू नका. मजुरी साडेसहा हजार आणि पार्ट वेगळे, मला तरी जास्त वाटली नाही. काढलेले सगळे पार्ट पिशवीत घालून परत दिले आणि कुठला का काढला ते सांगितलं, हे मला शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आजवर मिळालेलं नाही. पेंटिंग, एसी असलं काही घेऊन जाऊ नका, तोंडावर नाही म्हणतात.

पाचपैकी चार. एक स्टार तारखेचा कापला.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, सोमवारी बंद. आणि गाडी टो करून नेऊ नका. चालत असेल तर चालवतच न्या, वाटेत बंद पडली तर कशी बंद पडली ते नीट लक्षात ठेवा, मामा पहिलं तेच विचारणार.