मेकॅनिक स्टेथोस्कोप: घरी गाडी बनवणाऱ्यांनी घ्याच
आम्ही घरी पाइप चॅसिसवर जुनं 796 सीसीचं तीन सिलिंडर इंजिन बसवलंय, थंड असताना टकटक यायची आणि आवाज पाइपांतून असा फिरतो की नुसत्या कानाने जागा कळतच नाही. सगळे म्हणाले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजतोय. मेकॅनिक स्टेथोस्कोप म्हणजे डॉक्टरांसारखाच, फक्त नळीच्या टोकाला धातूचा रॉड; तो रॉड व्हॉल्व्ह कव्हरवर लावला तर तिथे नेहमीचीच बारीक टिकटिक, ब्लॉकवर पण काही नाही, मग रॉड काढून नुसती नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) फिरवली आणि फटफट थेट कानात! तिथलं गॅस्केट (सांध्यातलं सील) लीक. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, फट बुजते, म्हणून गरम झाल्यावर आवाज गायब व्हायचा. इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडायचा खर्च वाचला राव. रॉड अजून लांब हवा होता, फॅन-बेल्टजवळ हात आणि नळी फार जपावी लागते.