पायथॉनला आपलं मॉड्यूल दाखवायचं कसं: पायथॉनपाथ की एडिटेबल इन्स्टॉल?

प्रोजेक्टमध्ये ‘कॉमन’ नावाचं फोल्डर आहे, त्यात सगळ्यांना लागणारी फंक्शन्स आहेत. शेजारच्या ‘रिपोर्ट्स’ फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवली की ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ येते. यावर उपाय बरेच आहेत आणि आज तरी त्यातल्या कुठल्याही उपायाने एरर जाते. फरक कळतो तो दुसऱ्या मशिनवर किंवा सहा महिन्यांनी.

इंपोर्ट म्हटलं की पायथॉन ‘सिस.पाथ’ या यादीतली फोल्डरं ओळीने तपासतं आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथलं मॉड्यूल घेतं. सर्वांत आधी असतं चालवलेल्या स्क्रिप्टचं फोल्डर (टर्मिनल जिथे उघडलंय ते नव्हे, गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो). त्यानंतर पायथॉनपाथमधली फोल्डरं, मग पायथॉनची स्वतःची लायब्ररी आणि शेवटी साइट-पॅकेजेस, म्हणजे पिपने (पायथॉनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) टाकलेल्या पॅकेजेसचं फोल्डर. आपलं फोल्डर या रांगेत कुठे जाऊन बसेल हे पाहिलं की अर्धा निर्णय होतो.

काहीही बदलण्याआधी प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमधून ‘पायथॉन डॅश एम रिपोर्ट्स.मासिक’ असं चालवून पाहा. डॅश एम दिल्यावर यादीत पहिलं येतं ते सध्याचं फोल्डर, त्यामुळे कॉमन आपोआप सापडतं. एकट्याने आणि एकाच ठिकाणाहून काम करणाऱ्याला एवढं पुरतं.

स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सिस.पाथ.इन्सर्ट’ लिहिणं मला फक्त नोटबुकमध्ये मान्य आहे. ती ओळ प्रत्येक फाइलमध्ये चिकटवावी लागते आणि फोल्डर हललं की प्रत्येक ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

खरी निवड उरते ती पायथॉनपाथ आणि एडिटेबल इन्स्टॉल या दोघांत.

पायथॉनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, म्हणजे शेलमध्ये ठरवलेलं आणि प्रोग्रॅमला वाचता येणारं मूल्य. एक ओळ एक्सपोर्ट केली की काम झालं, पॅकेजिंग शिकावं लागत नाही. लिनक्स आणि मॅकवर दोन फोल्डरांमध्ये कोलन, विंडोजवर सेमीकोलन. पण ही ओळ बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग फाइल) कायमची टाकली की त्रास सुरू होतो. मशिनवर असलेलं प्रत्येक पायथॉन ती वाचतं, मग ते 3.8 असो की 3.12, व्हेन्व्हच्या (प्रोजेक्टसाठी बनवलेलं वेगळं पायथॉन वातावरण) आतलं असो की बाहेरचं. ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारं क्रॉन मात्र तुमची बॅशआरसी वाचत नाही, म्हणून दिवसा हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री पडते. शिवाय ही फोल्डरं पायथॉनच्या लायब्ररीच्या आधी येतात. त्यात कोणी ‘टोकन.पाय’ नावाची फाइल ठेवली, तर लायब्ररीतलं टोकन मॉड्यूल झाकलं जातं आणि एरर भलत्याच फाइलमधून येते. आणखी एक बारीक गोष्ट: नवं फोल्डर, कोलन आणि जुनं पायथॉनपाथ असं जोडताना जुनं रिकामंच असेल, तर शेवटी मोकळं कोलन राहतं. पायथॉन त्याचा अर्थ ‘सध्याचं फोल्डर’ असा लावतं.

एडिटेबल इन्स्टॉल म्हणजे आपलाच कोड पिपने पॅकेज म्हणून जोडणं. त्याला सुरुवातीची मेहनत जास्त. व्हेन्व्ह बनवा, ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ या सेटिंग फाइलमध्ये नाव, आवृत्ती आणि बिल्ड-सिस्टिम अशा मोजक्या ओळी लिहा आणि ‘पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट’ चालवा. जुन्या लेखांमध्ये यासाठी सेटअप.पाय हवीच असं वाचायला मिळतं, पण पिप 21.3 आणि सेटअपटूल्स (पॅकेज बनवणारं टूल) 64 पासून ती लागत नाही. कोडची नक्कल होत नाही, म्हणून फाइल बदलली की पुढच्या रनला बदल लागू होतो. डिपेंडन्सी (कोडला लागणारी इतर पॅकेजेस) बदलल्या तर मात्र इन्स्टॉल पुन्हा करावं लागतं.

इथे कोड ‘एसआरसी’ फोल्डरच्या आत ठेवाच. मूळ फोल्डरमध्ये डेटा, रिपोर्ट्स, कॉमन असं सगळं शेजारीशेजारी असेल, तर यातलं पॅकेज कोणतं हे सेटअपटूल्सला ठरवता येत नाही आणि इन्स्टॉल अडतं. एसआरसी असेल तर साइट-पॅकेजेसमध्ये एक ‘.पीटीएच’ फाइल पडते, तिच्यात तुमच्या फोल्डरचा पत्ता असतो. एडिटरलाही तो वाचता येतो, त्यामुळे इंपोर्टखाली खोट्या लाल रेघा येत नाहीत. तुमचा कोड रांगेत लायब्ररीच्या मागे बसतो, म्हणून तो तिला झाकू शकत नाही. कॉमन हे नाव मात्र बदला, इतकं सर्वसाधारण नाव दुसऱ्या पॅकेजचंही असू शकतं.

व्हेन्व्हचा आग्रह उगाच नाही. डेबियन 12 वर सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने काही टाकायला गेलात, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणत ते नकार देतं.

दोनपेक्षा जास्त माणसं हात लावणार असतील, टेस्ट लिहिणार असाल किंवा कोड सर्व्हरवर जाणार असेल, तर पहिल्याच दिवशी एडिटेबल इन्स्टॉल करा. क्रॉनमध्ये व्हेन्व्हमधल्या पायथॉनचा पूर्ण पाथ दिला की तिथेही सगळं सापडतं. पायथॉनपाथ मी डॉकरसाठी (प्रोग्रॅम बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं टूल) राखून ठेवते: कंटेनरमध्ये पायथॉन एक, प्रोजेक्ट एक, आणि डॉकरफाइलमधली एन्व्हची ओळ सगळ्यांना दिसते. टीमला जुनं प्रोजेक्ट मिळालं असेल आणि त्याची फोल्डरं आत्ता हलवता येत नसतील, तर तिथेही पायथॉनपाथच घ्या, पण बॅशआरसीत नको, प्रोजेक्ट सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहा.

कोणताही उपाय केलात तरी नंतर ‘पायथॉन डॅश एम साइट’ चालवा. पूर्ण यादी क्रमाने समोर येते, त्यात आपलं फोल्डर कितवं आहे ते बघा.