महाडीबीटीवर भाचीचा अर्ज: पोर्टल ठीक, अटी आधी वाचा

माझी भाची सांगली जिल्ह्यात एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. दाजींची तासगावकडे द्राक्षबाग आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा तिचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, मीच भरतो.

पोर्टलला माझे पाचपैकी साडेतीन तारे. वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एका ठिकाणी दिसतात, अर्ज कॉलेजच्या टेबलावर आहे की खात्याकडे गेलाय हेही कळतं. कागद मात्र 256 केबीत बसवावे लागतात. मोबाइलवर काढलेला फोटो लहान केला की तहसीलदारांचा शिक्का पुसट होतो, आणि आमचा अर्ज कॉलेजने त्यावरूनच परत पाठवला होता. दाखला नीट स्कॅन करून घ्या, सायबरवाल्याला चार पैसे गेले तरी चालतील.

खरी मेख अटींत आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, डोमिसाइल, घरातल्या दोनच मुलांना लाभ, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, ही अट घरं उलटीपालटी करते. दाजींच्या भावाच्या मुलाला कॅपमध्ये हवी ती ब्रँच मिळेना, म्हणून त्याने संस्थास्तरावर, म्हणजे थेट कॉलेजकडून, प्रवेश घेतला. दोघा भावांच्या बागा बांधाला बांध लागून, कर्ज एकाच सोसायटीचं. तरी त्याला एक रुपया नाही. कॅपमधून गेला असता तर निम्मं शिक्षण शुल्क सुटलं असतं. कॅपमध्ये कॉलेज-ब्रँचच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधीच हा हिशेब घरात मांडा. नंतर कोणाच्याही हातात काही उरत नाही.

मुलींसाठी 8 जुलै 2024 चा शासन निर्णय फार मोलाचा आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी घरातल्या मुलीने कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हा निर्णय नसता तर दाजी तिला गावाजवळच बीएस्सीला घालणार होते. विकास शुल्क, मेस आणि राहण्याचा खर्च या माफीत येत नाही, तेवढी तजवीज मात्र करावी लागते.

दीड तारा मी कापला तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. त्यावर उत्पन्न येतं, कर्ज येत नाही. अवकाळीने घड कुजले आणि औषध दुकानाची उधारी तशीच राहिली, तर ते सांगायला अर्जात रकानाच नाही. शेतकऱ्याच्या घराची गरज मोजायची तर थकबाकी बघायलाच हवी, आणि तो रकाना सरकारने घालावा अशी माझी कळकळीची मागणी आहे.

बारावीचा निकाल लागायच्या आत उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल काढून ठेवा. मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलंय का, हे बँकेत जाऊन विचारा. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप पुढे जात नाही.