आर-३६-एस : यंत्र घ्या, कार्ड बदला

पाच हजारांच्या आत जे हँडहेल्ड, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायची हातात धरायची यंत्रं, मिळतात त्यांत आर-३६-एस मला सगळ्यात जास्त आवडतो. त्याच्या खोक्यात येणारं मेमरी कार्ड मात्र मला अजिबात आवडत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन हा घेतल्यावर थोड्याच महिन्यांत ज्यांचा हिरमोड होतो, त्यांच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा त्या कार्डात सापडतं, नाहीतर चार्जिंगच्या केबलमध्ये. दोन्हींवर उपाय आहे आणि तो एका संध्याकाळचं काम आहे.

आधी यंत्राबद्दल. साडेतीन इंचांचा आयपीएस स्क्रीन, ६४० बाय ४८० पिक्सेल. आत रॉकचिपचा आरके-३३२६ हा चार कोरचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. दोन अ‍ॅनालॉग स्टिक, चार शोल्डर बटणं, इअरफोनचा साधा ३.५ मिमी जॅक, मायक्रोएसडी कार्डासाठी दोन स्लॉट. वाय-फाय आणि ब्लूटूथ नाही. घडण उभी, जुन्या गेम बॉयच्या वळणाची. हातात घेतल्यावर प्लास्टिक स्वस्तातलं आहे हे कळतं, पण पोकळ वाटत नाही. डी-पॅड, म्हणजे दिशा देणारं अधिकच्या चिन्हासारखं बटण, खरोखर चांगला आहे: रबराचा, मऊ, आणि तिरपी दिशा दाबली तर तिरपीच लागते. शोल्डर बटणं टकटक वाजतात, एसी लोकलच्या शांत डब्यात तो आवाज जाणवतो. उजवी स्टिक खूप खाली बसवली आहे. तिच्यापर्यंत अंगठा नेला की पकड सैल होते, त्यामुळे दोन्ही स्टिक सतत लागणारे गेम यावर मनासारखे खेळता येत नाहीत.

स्क्रीनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या गेमचं चित्र कसं दिसणार हे साध्या गुणाकारावर ठरतं. पहिल्या प्लेस्टेशनचे बरेचसे गेम ३२० बाय २४०च्या आसपास चित्र काढतात. त्याची दुप्पट म्हणजे बरोबर ६४० बाय ४८०, त्यामुळे स्क्रीन काठोकाठ भरतो आणि प्रत्येक पिक्सेल सारख्या मापाचा येतो. मूळ गेम बॉयचं चित्र १६० बाय १४४. तिप्पट केलं की ४८० बाय ४३२, भोवती थोडी काळी चौकट उरते पण अक्षरं स्वच्छ. अडचण येते गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला. त्याचं चित्र २४० बाय १६०. दुप्पट केलं तर लहान दिसतं, आणि पूर्ण रुंदीला ताणलं तर २.६७ पट होतं. मग काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि पार्श्वभूमी सरकायला लागली की चित्र लवलवतं. जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, मग स्केलिंग, तिथे इंटिजर स्केल (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू केलं की ही लवलव थांबते, चित्र मात्र लहान होतं. मी ते चालूच ठेवण्याच्या बाजूचा आहे. कोणाला मुख्यतः अ‍ॅडव्हान्सचेच गेम खेळायचे असतील तर त्यांनी अँबर्निक कंपनीचा आरजी-३४-एक्सएक्स पाहावा. त्याचा स्क्रीन ७२० बाय ४८० आहे, म्हणजे अ‍ॅडव्हान्सच्या नेमका तिप्पट.

ताकदीच्या बाबतीत अपेक्षा आवरती ठेवा. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं सुरळीत चालतं. निन्टेंडो ६४ आणि ड्रीमकास्ट यांचं काही चालतं, काही अडखळतं. सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डचे हलके गेम चालतात, जड थ्रीडी गेम रखडतात. दुकानदार पीएसपीचा एखादा गेम सुरू करून दाखवत असेल तर तो निवडून ठेवलेला आहे असं समजा.

आता मुंबईच्या प्रवासाचं. संगणकाचे गेम चालवणारे स्टीम डेक आणि आरओजी अलाय यांच्यासारखे मोठे हँडहेल्ड इथे अडचणीचे. स्टीम डेकची रुंदी २९८ मिमी, म्हणजे शाळेतल्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीएवढी. वजन ओएलईडी मॉडेलमध्ये ६४० ग्रॅम. आरओजी अलाय ६०८ ग्रॅमचा. यंत्रं उत्तमच, पण विरार किंवा कल्याण फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसून ती चालवायची तर दोन्ही कोपरं शेजाऱ्यांच्या अंगावर जातात. शिवाय बॅटरीचं गणित वेगळं. ओएलईडी डेकची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-तास असतात आणि त्यातलेही काही वाटेत उष्णतेत जातात. म्हणजे ती पॉवर बँक डेकला एकदाही पूर्ण भरू शकत नाही. खेळता खेळता चार्ज करायचा तर पीडीवर (यूएसबीची जलद चार्जिंगची पद्धत) ४५ वॅट देणारी बँक हवी. साध्या बँकेवर जड गेम लावला तर केबल लावूनही टक्के उतरत राहतात. छोट्या हँडहेल्डच्या बॅटऱ्या ३,००० एमएएचच्या आसपास असतात, म्हणजे साधारण ११ वॅट-तास. तीच पॉवर बँक त्यांना दोनदा भरून वर थोडी उरते. डब्यात बसायला जागा मिळाली की कोपरं अंगाशी ठेवून उभ्या घडणीचा आर-३६-एस निवांत चालवता येतो, आणि दादर आलं की तो पँटच्या खिशात जातो.

चार्जिंगची भानगड अशी. यंत्राला पोर्ट यूएसबी-सीचा आहे, म्हणून लोक फोनचा नवा, दोन्ही टोकांना सी असलेला चार्जर लावतात. दिवाही लागत नाही. मग ‘पीस मेलेला निघाला’ म्हणून दुकानात परत. वास्तविक पीस धडधाकट असतो. सी-टू-सी केबलवर चार्जर आधी समोरच्या यंत्राच्या सीसी पिनवर (जोडणी ओळखण्यासाठीची पिन) ५.१ किलो-ओमचा रोध आहे का ते पाहतो आणि तो दिसल्यावरच वीज सोडतो. खर्च वाचवायला स्वस्त यंत्रांत हे रोध बसवलेले नसतात. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए आणि दुसऱ्या टोकाला सी अशी केबल घ्या आणि ५ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा चार्जर लावा, लगेच चार्ज होतो. यंत्रावर दोन सी पोर्ट आहेत. त्यातला डीसी लिहिलेला चार्जिंगचा, ओटीजी लिहिलेला डोंगल किंवा बाहेरचा कंट्रोलर लावण्यासाठी.

कार्डाचं काम याहून नाजूक आहे. खोक्यात बिननावाचं कार्ड येतं, त्यावर प्रणाली आणि हजारो गेम भरलेले असतात. अशी कार्डं हलक्या मेमरीची असतात. आधी एखादा सेव्ह, म्हणजे गेममधली जपून ठेवलेली प्रगती, गायब होतो, मग यंत्र सुरू व्हायला वेळ घेतं, आणि एक दिवस काळा स्क्रीन. त्यावरचे गेमही बिनपरवाना भरलेले आहेत, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशा प्रतींना मान्यता नाही. दुकानदार ‘पंधरा हजार गेम’ हा मोठा फायदा म्हणून सांगतो, मी त्याची किंमत शून्य धरतो. स्वतःकडे असलेल्या गेमच्या फाइली, हौशी लोकांनी बनवून फुकट वाटलेले होमब्रू गेम आणि फ्रीडूमसारखे मुक्त गेम-संच एवढ्यावरही हे यंत्र भरपूर वसूल होतं.

नवं कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, ३२ किंवा ६४ जीबीचं, बिलासह घ्या. नकली कार्डं सगळीकडे आहेत, म्हणून आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या विंडोज प्रोग्रॅमने तपासा. तो कार्ड पूर्ण भरतो आणि परत वाचून ताडतो. कार्डाचा वेग सेकंदाला २० एमबी असेल तर ६४ जीबी नुसतं भरायला ५० मिनिटांहून जास्त लागतात. कंटाळा न करता चालू द्या.

मग जुनं कार्ड यंत्रातून काढून संगणकाला लावा. विंडोज लगेच ‘फॉरमॅट करू का’ असं विचारेल, तेही दोन-तीनदा, कारण कार्डावरचे लिनक्सचे भाग त्याला वाचता येत नाहीत. प्रत्येक वेळी नाही म्हणा. इथे चुकून हो दाबलं गेलं तर मूळ प्रणाली गेली. विन-३२ डिस्क इमेजर या प्रोग्रॅमने संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब प्रत, काढून ठेवा. त्यानंतर बूट नावाचा जो छोटा भाग उघडतो, त्यातल्या डीटीबी फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. हे पाऊल सोडू नका. आर-३६-एसमध्ये वेगवेगळ्या बॅचना वेगवेगळे स्क्रीन पॅनेल बसवलेले आहेत आणि समोर कोणतं पॅनेल आहे ते यंत्राला या फाइलीतून कळतं. चुकीची फाइल असेल तर आवाज येतो, दिवा लागतो, पण चित्र दिसत नाही.

आता आर-३६-एससाठी बनवलेली आर्कओएस या प्रणालीची इमेज बलेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने नव्या कार्डावर लिहा आणि बूट भागात स्वतःच्या डीटीबी फाइली टाका. जुन्या फाइलींवर लिहू का असं विचारलं तर हो म्हणा. कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये घालून यंत्र सुरू करा. पहिल्या खेपेला प्रणाली कार्डाचे भाग वाढवून घेते, मधेच रीस्टार्टही होते. काही मिनिटं लागतात, तोवर पॉवर बटणाला हात लावू नका. गेम दुसऱ्या कार्डावर ठेवायचे असतील तर ते कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला आणि ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘स्विच टू एसडी-२ फॉर रॉम्स’ निवडा. प्रणाली एका कार्डावर, गेम दुसऱ्यावर, असंच ठेवावं. उद्या प्रणाली बिघडली तरी सेव्ह शाबूत राहतात.

रोजच्या वापरात एक सवय लावून घ्या. स्टेशन आलं म्हणून पॉवर बटण दाबून धरून यंत्र बंद करू नका. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइली बिघडतात, मग कार्ड कितीही महागाचं असो. सिलेक्ट धरून आर-१ दाबलं की सेव्ह स्टेट होतो, म्हणजे गेम आहे त्या क्षणी जपला जातो, सिलेक्टसोबत एल-१ दाबलं की तो परत येतो. सेव्ह करा, सिलेक्ट-स्टार्टने गेममधून बाहेर या, आणि मेन्यूतून शटडाउन करा.

याच बाबतीत मियू मिनी प्लस हा दुसरा हँडहेल्ड सरस ठरतो, आणि उतरायची घाई रोजचीच असेल तर माझा कौल त्यालाच आहे. त्यावर ओनियन ही प्रणाली घातली की पॉवर बटण धरल्यावर ती स्वतः सेव्ह करते, मगच बंद होते, आणि परत सुरू केल्यावर थेट त्याच गेममध्ये, त्याच जागी आणून सोडते. स्क्रीन तोच, साडेतीन इंच, ६४० बाय ४८०. वाय-फाय आहे. मागचं झाकण उघडून ३,००० एमएएचची बॅटरी बदलता येते, हा फार मोठा गुण आहे, कारण फुगलेली बॅटरी हे जुन्या हँडहेल्डचं नेहमीचं दुखणं. स्टिक मात्र एकही नाही आणि रॅम फक्त १२८ एमबी, त्यामुळे पहिल्या प्लेस्टेशनच्या पुढे जायचं नाही. बसूनच प्रवास होत असेल आणि आडवी पकड आवडत असेल तर अँबर्निकचा आरजी-३५-एक्सएक्स-एच घ्या. त्याचा एच-७०० प्रोसेसर आरके-३३२६हून चपळ आहे, वाय-फाय आणि ब्लूटूथ आहे, टीव्हीला जोडायला मिनी एचडीएमआय आहे. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज किंचित मागे पडतो, तालावर चालणाऱ्या गेमना तारेचेच लावा.

पावसाळ्यात तिन्हींची काळजी सारखीच. जून ते सप्टेंबर हँडहेल्ड झिपच्या पाऊचमध्ये सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. घाम आणि दमट हवा बटणांखालच्या रबरावर आणि सर्किटच्या काळ्या टिकल्यांवर थर धरते, मग बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नाही. बटण गेलं असं समजून यंत्र टाकू नका. मागचे स्क्रू काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन टिकल्या आणि रबर हलक्या हाताने पुसा, वाळू द्या. टिकल्यांचा मूळ काळा थर खरवडू नका, वीज त्यातूनच वाहते.

दुकानात घेताना पीस काउंटरवरच सुरू करून पाहा. आर-३६-एसच्या हुबेहूब नकला आहेत, आणि त्यातल्या काहींवर नेहमीचं आर्कओएस चालतच नाही. म्हणून सुरू होताना कोणत्या प्रणालीचं नाव येतं ते वाचा. पांढरं चित्र आणून मेलेला पिक्सेल शोधा. दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडा आणि मेन्यू आपोआप सरकतो का बघा. इअरफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का ते ऐका, आणि ए-टू-सी केबल सोबत नेऊन चार्जिंगचा दिवा लागतो याची खात्री करा. अशा मालावर बहुतेक गाळ्यांत फक्त टेस्टिंग वॉरंटी मिळते, काउंटर सोडल्यावर वाद घालायला जागा राहत नाही. तरी किती दिवसांत पीस बदलून देणार ते विचारा आणि मॉडेलच्या नावासह बिलावर लिहून घ्या.