संध्याकाळी आपोआप मंद होणारे दिवे : दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या आधी लावले होते, आता पावसाळा सुरू झालाय, म्हणजे थंडी, उन्हाळा, वळीव सगळं बघून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, ज्यांना स्मार्ट बल्बच्या खोक्यावरचे ते एक कोटी साठ लाख रंग हवेत आणि पार्टीला भिंत जांभळी करायचीय त्यांच्या हे कामाचं नाही. आमच्याकडे एकही रंगीत बल्ब नाही, सगळे फक्त पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारे, २२०० ते ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). आणि खरं सांगू का, तो पिवळेपणाही दुय्यमच आहे, मुख्य काम आहे उजेड कमी होण्याचं, आणि तेही इतकं सावकाश की घरात कुणाच्या लक्षातच येऊ नये.

पुण्यातला टूबीएचके आहे. हॉल आणि दोन्ही बेडरूममध्ये झिगबीचे बल्ब (झिगबी म्हणजे वायफायसारखंच, पण अशा घरगुती उपकरणांसाठीचं वेगळं बिनतारी तंत्र), आणि एका जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं फुकट सॉफ्टवेअर. वायफायचे बल्ब स्वस्त पडतात, हब म्हणजे बल्बांशी बोलणारं मधलं यंत्र लागत नाही, मान्य, पण बऱ्याचशा अ‍ॅपमध्ये शेड्यूल म्हणजे आठला एवढं, नऊला तेवढं, असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला सगळे जेवता जेवता वर बघतात. झिगबीच्या बल्बला 'इतक्यावर जा, पण दोन मिनिटं घेऊन जा' असं सांगता येतं, मग मधला प्रवास तो स्वतःच करतो. शिवाय नेट गेलं तरी अडत नाही, सगळं घरातल्या घरात चालतं.

आता आकड्यांचं, कारण इथेच सगळी मेख आहे. आपला डोळा उजेड सरळ हिशोबात मोजत नाही. उजेड मोजायच्या मीटरवर १० टक्के भरणारा उजेड डोळ्याला ३० टक्क्यांच्या आसपास वाटतो. त्यामुळे १०० वरून ९५ वर आलात तर कुणाला पत्ता लागत नाही पण १० वरून ५ वर आलात की लगेच 'लाइट गेली का गं?' असं विचारतात. म्हणून मी वरचा भाग भराभर उतरवते, आठ वाजेपर्यंत निम्म्यावर, आणि खालचा भाग अगदी रेंगाळत, साडेदहापर्यंत. ५ टक्क्यांच्या खाली मी जातच नाही, तिथे एक बल्ब थरथरतो, डोळ्याला जाणवत नाही पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पट्टे दिसतात.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही, होम असिस्टंटसाठी अ‍ॅडॅप्टिव्ह लायटिंग म्हणून एक फुकट जोड मिळते, ती दर ९० सेकंदांनी दिव्यांना जरा जरा सरकवते. आणि तुम्ही मध्येच हाताने उजेड वाढवलात तर त्या दिव्याचा नाद सोडते, ही तिची सगळ्यात शहाणी गोष्ट. पण तिची मूळ सेटिंग तशीच ठेवली तर सूर्य मावळेपर्यंत रंग पार पिवळा करून ती मोकळी होते. आता डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा पोरगं नुकतं खेळून आलेलं असतं, अभ्यास व्हायचाय, स्वयंपाक व्हायचाय! जुलैत तोच सूर्यास्त सव्वासातच्या आसपास. म्हणून तिच्या हिशोबातला सूर्यास्त काही तास पुढे ढकलायचा, त्याची सोय आहे.

त्यात आमच्या सासूबाईंचा नियम वेगळाच. तिन्हीसांजेला घरात अंधार नको, देवापाशी दिवा लागायच्या आधी हॉल लख्ख पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं, त्यामुळे सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी हॉल आपोआप पूर्ण उजेडात लागतो, ४००० केल्विनवर, आणि उतरण त्यानंतरच सुरू होते. आता त्या घड्याळ न बघता दिवे लागले की वाती करायला घेतात.

स्वयंपाकघरात मात्र चुकूनही लावू नका. आमच्याकडे तिथे साधी पांढरी ट्यूबच आहे आणि ती तशीच राहणार. पिवळ्या मंद उजेडात तूरडाळीतला खडा दिसत नाही, मेथीतलं पिवळं पान कळत नाही, फोडणीत हळद किती पडली तेही नीट समजत नाही. तसंच मॅचिंग बघायचं, नेव्ही ब्लू का काळा, हे रात्री साडेनऊनंतर विसरा.

खरा त्रास बल्बचा नाहीच, भिंतीवरच्या बटणाचा आहे. बटण बंद केलं की बल्ब मेला, मग तो कितीही स्मार्ट असो. सासरे पन्नास वर्षं खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करत आलेत, त्यांना 'बाबा, राहू द्या' म्हणायचं तरी कसं? स्मार्ट स्विच लावावा तर जुन्या बोर्डात न्यूट्रलची वायरच नाही, आणि बऱ्याच स्मार्ट स्विचना ती लागते, वायरमन म्हणाला भिंत फोडावी लागेल. शेवटी मूळ बटण चालू ठेवून त्यावर बॅटरीवालं वायरलेस बटण दुहेरी टेपने चिकटवलं. बाबा अजून तितक्याच जोरात दाबतात, फक्त आता बल्बचा करंट जात नाही.

अजून एक. वळवात रात्री दोनला लाइट गेली, तासाभराने आली, आणि बेडरूमचे दोन्ही बल्ब फुल पांढरे पेटले, अख्खं घर उठून बसलं. त्यासाठी करंट परत आल्यावर बल्बने काय करायचं ही सेटिंग असते, तिथे 'आधी होतं तसं' निवडायचं. मात्र सगळ्या बल्बांत ही सोय नसते, आमच्या एका बल्बात नव्हतीच आणि कंपनीच्या कस्टमर केअरला प्रश्नच कळला नाही. तो बल्ब आता बाल्कनीत.

झोपेचं सगळे विचारतात. आपल्या डोळ्यात काही पेशी बघण्यापेक्षा उजेड किती आहे हे मेंदूला कळवण्याचं काम करतात, त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात, म्हणून रात्री पांढरी ट्यूब वाईट, हे शास्त्र पक्कं आहे. पण नवरा त्याच मंद हॉलमध्ये टीव्ही फुल ब्राइटनेसवर ठेवून मॅच बघतो, तो बारापर्यंत टक्क जागा. पोराचं मात्र दहाच्या आत जांभया सुरू, पूर्वी दिवा बंद करताना जी रडारड व्हायची ती नाही, कारण बंद करायला फारसा दिवा उरलेलाच नसतो.

खर्च साध्या एलईडीच्या कित्येक पट आहे आणि विजेत काही बचत वगैरे होत नाही. उलट हे बल्ब बंद दिसले तरी थोडी वीज खातात, बल्बमागे अर्धा वॅट धरला तर सहा बल्बांचे महिन्याला दोन युनिट. घेताना होल्डर तेवढा बघून घ्या, आपल्याकडे बहुतेक घरात बी२२ म्हणजे खटक्याचा असतो आणि ऑनलाइन चांगले बल्ब बऱ्याचदा ई२७ आट्याचे मिळतात. अडॅप्टर मिळतो, पण तो लावला की बल्ब इंचभर खाली येतो आणि शेडच्या बाहेर डोकावतो. आमचा बेडरूमचा तसाच डोकावतोय.