बॅलन्स्ड लिटरसी गेली, आता चारांपैकी कोणता अभ्यासक्रम?

अमेरिकेतली शाळांची डिस्ट्रिक्टं एकामागून एक बॅलन्स्ड लिटरसी ही वाचन शिकवण्याची जुनी पद्धत मोडीत काढत आहेत. तिच्या जागी काय आणायचं यासाठी समित्या बसतात, नमुन्याची पुस्तकं पालकांना बघायला ठेवतात, मतं मागवतात. न्यू जर्सी असो की बे एरिया, ज्यांची मुलं किंडरगार्टन ते तिसरीत आहेत अशा मराठी आईबाबांनी या बैठका चुकवू नयेत. समित्यांसमोर चार अभ्यासक्रमांची नावं वारंवार येतात: इन्टू रीडिंग, विट अँड विज्डम, ईएल एज्युकेशन आणि कोअर नॉलेज लँग्वेज आर्ट्स, म्हणजे सीकेएलए. जुन्यापेक्षा चारही बरे आहेत, पण त्यांच्यात आपसात बराच फरक आहे आणि तो जाहिरातीच्या पत्रकात दिसत नाही.

आधी जुन्याबद्दल. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या ल्यूसी कॅल्किन्स यांचे युनिट्स ऑफ स्टडी आणि फाउंटस-पिनेल यांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ए ते झेड लेव्हलची पुस्तकं, हा बॅलन्स्ड लिटरसीचा कणा. बाई थोडा वेळ शिकवणार, मग प्रत्येक मूल आपल्या लेव्हलचं पुस्तक घेऊन बसणार. शब्द अडला तर चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, वाक्यात काय बसेल ते ओळख. पुस्तकात ‘हॉर्स’ छापलेलं असताना चित्र पाहून मूल ‘पोनी’ म्हणालं तर अर्थ जुळतोय म्हणून बऱ्याचदा पुढे जाऊ दिलं जाई. दुसरी-तिसरीत चित्रं कमी होतात, शब्द लांब होतात, आणि तोवर हुशार वाटणारं मूल अचानक अडखळतं. अक्षर-ध्वनीचा संबंध क्रमाने आणि थेट शिकवावा लागतो, हे नॅशनल रीडिंग पॅनल या सरकारी तज्ज्ञ समितीने 2000 सालीच सांगितलं होतं. पालकांपर्यंत ते मोठ्या प्रमाणावर पोहोचलं 2022 मध्ये, पत्रकार एमिली हॅनफर्ड यांच्या पॉडकास्टमुळे. त्याच वर्षी कॅल्किन्स यांनी आपला अभ्यासक्रम सुधारला. 2023 मध्ये टीचर्स कॉलेजने त्यांचा प्रकल्प बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या पद्धतीची एक गोष्ट मात्र टाकू देऊ नका: वर्गातली भरलेली कपाटं आणि मुलांना स्वतः पुस्तक निवडण्याची मुभा.

आता नवे. समितीत बहुतेक प्रश्न फोनिक्सबद्दल, म्हणजे अक्षर-ध्वनीचा संबंध शिकवण्याबद्दल येतात. त्याचं उत्तर सोपं आहे. इन्टू रीडिंगमध्ये ते एकाच संचात येतं. ईएलमध्ये किंडरगार्टन ते दुसरीसाठी रोज वेगळा तास असतो. सीकेएलएमध्ये ‘स्किल्स’ हा स्वतंत्र भाग आहे आणि मुलांच्या हाती पडणाऱ्या गोष्टी शिकवून झालेल्या ध्वनींवरच बेतलेल्या असतात. विट अँड विज्डममध्ये फोनिक्स नाहीच. फंडेशन्ससारखा दुसरा कार्यक्रम जोडीला घ्यावा लागतो. जोडीचं नाव न सांगता कोणी नुसतं विट अँड विज्डम सुचवत असेल तर पहिलीच्या मुलांसाठी तो प्रस्ताव अपुरा आहे.

खरा निर्णय त्यापुढचा आहे: अक्षरं जुळवता आल्यावर मूल वाचणार काय? गफ आणि टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र मला इथे फार उपयोगी वाटतं. अक्षरं उलगडणं गुणिले भाषेची समज, म्हणजे वाचन. गुणाकार आहे, एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. आणि समज येते विषयाच्या माहितीतून. रेक्ट आणि लेस्ली यांच्या 1988 च्या बेसबॉलवरच्या प्रयोगात वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आयोवातल्या चुणचुणीत मुलाला कसोटी सामन्याचा वृत्तांत वाचायला दिला तर त्याचं काय होईल, याचा विचार करा.

इथे सीकेएलए मला सगळ्यात भक्कम वाटतो. ‘नॉलेज’ भागात बाई मोठ्याने वाचून दाखवतात, आणि एकाच विषयावर वर्ग दिवसेंदिवस राहतो. पहिलीत मेसोपोटेमिया, इजिप्त, मानवी शरीर, खगोल. कोअर नॉलेज फाउंडेशनच्या साइटवर मोफत मिळणाऱ्या आवृत्तीत दुसरीला प्राचीन आशियाचं युनिट आहे, त्यात सिंधू खोरं आणि दिवाळीही येते. ते युनिट उतरवून घेऊन स्वतः वाचा, मग मत बनवा. कोलोरॅडोत चिठ्ठ्या टाकून प्रवेश देणाऱ्या कोअर नॉलेज चार्टर शाळांचा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) अभ्यास 2023 मध्ये आला. तिथली मुलं राज्याच्या वाचन परीक्षेत पुढे होती. अर्थात त्या शाळांमध्ये सगळेच विषय या पद्धतीने शिकवतात, नुसती भाषा नाही.

ईएल याच विचाराचा. बेडूक, पक्षी, परागीभवन असे विषय खोलवर जातात आणि साहित्य इंटरनेटवर मोफत आहे, छापील पुस्तकं मात्र विकत घ्यावी लागतात. अडचण वेळेची: लहान वर्गांना पूर्ण कार्यक्रम रोज सुमारे तीन तास मागतो. विट अँड विज्डममध्ये मुलं अख्खी, चांगली पुस्तकं वाचतात, चित्रकलेकडेही बघायला शिकतात. तिसरीपासून वर तो मला मनापासून आवडतो.

इन्टू रीडिंग शेवटी ठेवीन. 2023 मध्ये न्यूयॉर्क शहराने तीन पर्याय दिले (सीकेएलए त्यात नव्हता), तेव्हा बहुसंख्य डिस्ट्रिक्टांनी हाच घेतला, कारण तो ओळखीच्या पाठ्यपुस्तकासारखा आहे, स्पॅनिश आवृत्तीही मिळते. पण त्यात भर उताऱ्यांवर आहे, आणि विषय फार लवकर बदलतात. डिस्ट्रिक्टने तो घेतलाच तर प्रत्येक इयत्तेला वर्षातून काही पूर्ण पुस्तकं जोडायचा आग्रह धरा.

पुस्तकांपेक्षा मी शिक्षकांवरचा खर्च जास्त तपासेन. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत मिसिसिपीची सरासरी 2013 मध्ये 209 होती, 2019 मध्ये 219 झाली. 2024 मध्ये देशाची 214 वर उतरली तरी मिसिसिपी 219 वरच होतं. तिथे सगळ्या शाळांवर एकच अभ्यासक्रम लादलेला नव्हता. 2013 च्या कायद्यानंतर राज्याने शिक्षकांना वाचनशास्त्राचं प्रशिक्षण दिलं, कमकुवत शाळांत कोच, म्हणजे शिक्षकांना वर्गातच मार्गदर्शन करणारे जाणकार, पाठवले, मुलांची चाचणी वर्षातून अनेकदा घेतली. तिसरीत नापास करण्याच्या तिथल्या नियमावर वाद आहे. कोचवर फारसा नाही.

म्हणून समितीला विचारा: दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी कोच वर्गात येऊन बसणार आहे का, आणि त्याचे पैसे बजेटमध्ये कुठे आहेत? उत्तर नसेल तर चारांतली निवड घाईने करायला लावू नका. तोवर किंडरगार्टन ते दुसरीत युफ्लाय फाउंडेशन्स लगेच सुरू करता येईल: फ्लोरिडा विद्यापीठाचा हा फोनिक्स कार्यक्रम शिक्षकाच्या एका पुस्तकावर चालतो आणि त्याच्या स्लाइड्स मोफत मिळतात.