दहा हजार लक्सचा दिवा घेताय? आधी अंतर आणि वेळ बघा

टॅबलेटएवढा चपटा, आत पांढरे एलईडी, पुढे दुधी पडदा. झोपेचं वेळापत्रक रुळावर आणण्यासाठी ऑनलाइन मिळणारे बरेचसे ‘लाइट थेरपी’ दिवे असेच दिसतात. दिवा उपयोगी आहे, पण खोक्यावरचा ‘१०,००० लक्स’ (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) हा आकडा किती अंतरावरचा, ते बारीक अक्षरांत शोधा. छोट्या दिव्यांत तो बहुधा १०-१५ सेंटीमीटरवरचा असतो. नाकासमोर दिवा धरून अर्धा तास कोण बसणार? आणि हातभर लांब सरकवला की उजेड पार घसरतो. ३० सेंटीमीटरवर १०,००० लक्स देणारा, अतिनील किरण गाळणारा मोठा पॅनलच घ्या. तो जागा अडवतो, पण काम करतो. दिव्याकडे टक लावायची नाही. तो थोडा बाजूला ठेवून चहा-पेपर चालू द्यायचा.

मेंदूतलं मुख्य घड्याळ म्हणजे डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर असलेला, सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका. त्याचा दिवस सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून रोज उजेडाने ते जुळवावं लागतं. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. शरीराचं तापमान नेहमीच्या जागं होण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली जातं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर येते; त्याआधीचा मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते. पहाटे ४ला झोपून दुपारी १२ला उठणाऱ्याने गजर लावून सकाळी ७ला दिवा लावला, तर झोप आणखी लांबते, आणि दोष दिव्याला लागतो! सुरुवात आपसूक जाग येते त्या वेळी करा, मग रोज अर्धा तास अलीकडे या.

जागरण करून दिव्यावर विसंबू नका. झोप अपुरी असली की घड्याळ पुढे आणण्याची उजेडाची ताकदही कमी पडते. दिवा झोप भरून देत नाही. रात्री खोलीत अंधार हवाच.

बायपोलर आजार, डोळ्यांच्या पडद्याचे विकार किंवा उजेडाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा घेऊ नका.

उजाडल्यावर उठणाऱ्याला मात्र हा खर्च नको. ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम काहीशे लक्स असतात. उघड्या गच्चीवर ढगाळ सकाळीही काही हजार मिळतात.